तीनदा घंटी

मशीन टेबलाखाली असतं, पायांना ऊब देतं.
त्यात पायथन राहतात. हो, अनेकवचनच.
दोन पॉइंट सात, तीन पॉइंट सहा, तीन पॉइंट अकरा,
आणि एक चाचणीपुरता आलेला,
अजून बॅग न सोडलेला.

नाव सगळ्यांचं एकच.
नुसती हाक मारली की कोण ओ देणार
ते पाथ नावाच्या एका ओळीत
कोण आधी उभा आहे त्यावर.

हेल्दुर कास्कला यात नवल नव्हतं.
तो तार्तूतल्या एका सामाईक घरात वाढला:
पाच खोल्या, चार कुटुंबं, एक चूल.
दारावर पुठ्ठ्याची पाटी,
ओयामा एकदा, सेप दोनदा, कास्क तीनदा.
चौथं नाव ओलीने पुसलेलं, त्यांच्याकडे कुणी यायचंच नाही.
घंटी चुकली की सेपबाई दार उघडायच्या
आणि काही न बोलता
बघत राहायच्या.
स्वयंपाकघराच्या छताला चार दिवे,
प्रत्येकाचं बटण आपापल्या खोलीत.
आपला दिवा लावायचा, आपलं पातेलं चढवायचं,
दुसऱ्याच्या मिठाला हात लावायचा नाही.

नदीचा प्रोग्रॅम लिहिताना त्याने
प्रत्येक फाइलच्या कपाळावर पत्ता लिहिला:
मला चालवायचं तर अमक्यालाच उठवा.
मग निवृत्त झाला,
पेइप्सी सरोवराकाठी कांदे लावायला गेला.

मी आले. मला पसारा सोसत नाही.
ज्याचं आयुष्य संपलं असं
घडवणाऱ्यांनीच जाहीर केलेलं,
ज्याच्या जखमांना आता कुणी टाके घालत नाही,
त्याला का पोसायचं?
प्रिंटपुढे कंस घातले, पत्ते बदलले,
मार्चमधल्या एका शुक्रवारी जुना काढून टाकला.
सगळं चाललं. कुठे काही लाल झालं नाही.
मी केक खाल्ला.

एप्रिलमध्ये एमायोगीवरचा बर्फ फुटला.
पुलाखालचा मापक अर्ध्या सेंटिमीटरने मोजतो.
दोन नोंदींच्या मधल्या तासात पाणी चढलं,
वळणावर बर्फाचे तुकडे अडकले,
आणि नदी रात्रभर एकाच रेघेवर उभी राहिली.
सहाशे एकोणतीस, मापक म्हणाला,
पुन्हा पुन्हा, सहाशे एकोणतीस.
भागिले दोन.
जुना म्हणाला असता तीनशे चौदा,
उरलेला अर्धा तोंडातल्या तोंडात गिळून.
नवा खरं बोलला: तीनशे साडेचौदा.
इशाऱ्यांच्या तक्त्यात साडेचौदाची ओळच नव्हती.
तक्ता गप्प बसला.

सकाळी उर्मास सेल्बचा फोन.
होडीघरात गुडघाभर पाणी,
दोन कयाक दाराला धडका देतायत,
तुमचा संदेश का नाही आला?

जीव कुणाचा गेला नाही.
हे मी आधीच सांगायला हवं होतं.

हेल्दुरला फोन लावला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.
बराच वेळ तेवढ्याच.
मग म्हणाला, तो अर्धा मला माहीत होता.
तेव्हा पूर्णाला पूर्णाने भागलं की पूर्णच यायचा.
मी त्या सवयीवर तक्ता टेकवला
आणि लिहून ठेवलं नाही.
थोडं थांबून:
पण तू विचारायचंस तरी,
ही तीनदा घंटी कुणासाठी आहे म्हणून.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात.
राहतात. म्यानाला खण करावे लागतात,
आणि कुठल्या खणात कोण, हे कुणीतरी
आपण गेल्यानंतरच्या माणसासाठी लिहावं लागतं.

जुन्याला बॅकअपमधून परत आणलाय.
वेगळी खोली दिली, बाहेरचं दार बंद,
इंटरनेटचा वाराही लागू देत नाही.
तक्ता नव्याने मांडतेय, अर्ध्यांसकट.
जूनपर्यंत होईल, असं वरिष्ठांना सांगितलंय.

आज दुपारी घाईत, आकडा न लावता,
नुसतंच पायथन टाइप केलं.
कोण उठलं ते पडद्यावर यायच्या आत
मी कधी न पाहिलेल्या त्या दारात
सेपबाई उभ्या होत्या,
बघत.